हिंगाचा डबा आणि एकशे चौदा सूर्य

"फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही, अक्कल लागते!"

हे वाक्य माझं आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटाची भाट्याच्या किनाऱ्यावर बैठक झाली, तेव्हा वाळूत पाय रोवून मी ते ठणकावून म्हटलं. टाळ्या पडल्या. मी मान तुकवली. टाळ्या थांबायच्या आत हुसेनभाई उठून उभे राहिले.

हुसेनभाई आमच्या गटातले सर्वांत जुने आणि सर्वांत कमी बोलणारे सभासद. तीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. ते शांतपणे म्हणाले, "मग काढून दाखवा, अनिलभाई. कॅमेऱ्याशिवाय. एक डबा घ्या. त्याला सुईनं भोक पाडा. आत फोटोचा कागद चिकटवा आणि सहा महिने टांगून ठेवा. सूर्य रोज ज्या वाटेनं जातो ती वाट कागदावर उमटते. एका दिवसाची एक रेघ. सहा महिन्यांचा मिळून एकच फोटो."

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. फक्त तीन गोष्टी सांभाळा. डबा हलता कामा नये. आत ओल जाता कामा नये. आणि कुणाला सांगता कामा नये! सांगितलंत की कोणी तरी उघडून बघणार, आणि उघडला की संपलं."

मी अनिल रेडीज, मूळचा चिपळूणचा. रत्नागिरीत एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे आणि पावसजवळच्या एका वाडीत भाड्यानं राहतो. वाडीतले लोक मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, पण हे त्यांना सांगायचं दहा वर्षं राहून गेलंय. तर सांगायचा मुद्दा असा, की मी विज्ञानाचा माणूस. मी हा प्रयोग अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीनं केला. पुढे जे काही झालं ते त्या शास्त्रशुद्धपणामुळेच झालं!

डबा मिळाला कॉलेजच्या कँटीनमधून. हिंगाचा, पत्र्याचा, चांगला दणकट. सात वेळा धुतला तरी त्याचा वास काही जाईना. मग आतून काळा रंग दिला, बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटात मुदत संपलेला फोटोचा कागद पडून होता, तो आत बसवला. ओल जाऊ नये म्हणून तळाशी मूठभर तांदूळ टाकले, भिजलेला मोबाइल आपण तांदळात ठेवतो ना, तसे. मुंग्या लागू नयेत म्हणून त्या तांदळांना हळद चोळली. फांदीला सुतळीनं बांधला तर डबा घसरत होता, म्हणून सानिकाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या कपाटातून खणाचा एक लाल तुकडा काढला आणि त्याची घट्ट गाठ मारली. आणि कोणी चुकून हात लावू नये म्हणून पांढऱ्या रंगानं ठसठशीत अक्षरांत डब्यावर लिहिलं, '२१ जूनपर्यंत हात लावू नये.'

आता तुम्ही म्हणाल, अहो रेडीज, काळा डबा, लाल खण, हळदीचे तांदूळ, वर ताकीद, हे नेमकं कसं दिसेल याचा तुम्ही विचार केला नाहीत? नाही केला! माझ्या डोळ्यांपुढे फक्त फोटो होता. नैऋत्येला पसरलेला समुद्र आणि त्यावर सहा महिन्यांचे सूर्य. पुण्याच्या प्रदर्शनात लोक त्यापुढे थांबलेत, आणि मी बाजूला उभा राहून म्हणतोय, "हिंगाचा डबा!"

समुद्र सरळ दिसेल असं झाड वाडीत एकच होतं. आणि ते नेमकं बांधावरचं हापूसचं झाड होतं.

बांध म्हणजे हरिश्चंद्र मांडवकर आणि काशीराम मांडवकर या दोन चुलतभावांच्या बागांमधला. झाडाचं खोड काशीरामच्या बाजूला, फांद्या हरिश्चंद्रच्या बाजूला आणि मुळं कुठे आहेत यावर अकरा वर्षं वाद. मोजणी झाली, नोटिसा झाल्या, एकमेकांच्या घरच्या लग्नांना न जाऊन झालं. त्या झाडावर फवारणीसुद्धा कोणी करत नसे, कारण फवारली तर मालकी मान्य केल्यासारखी होईल आणि दुसऱ्याच्या फवारणीला हरकत घेतली नाही तर सोडल्यासारखी! अशा झाडाला डबा बांधायची परवानगी हरिश्चंद्रदादांकडे मागितली तर काशीरामदादा पेटणार, काशीरामदादांकडे मागितली तर हरिश्चंद्रदादा. तेव्हा कोणालाच विचारायचं नाही, हा न्याय मला बरोबर वाटला. बावीस डिसेंबरला दुपारी अख्खी वाडी जेवून आडवी झाली असताना मी झाडावर चढलो, डबा बांधला आणि उतरून घरी येऊन भात खाल्ला. सानिकाला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "माझा खण परत आणा."

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. रोज मावळतीला मी अंगणात उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, आजची रेघ पडली!

मग शिमगा आला आणि वाडीत आक्रीत घडलं. पालखी नाचवताना हरिश्चंद्र आणि काशीराम, दोघांचे खांदे एकाच दांड्याखाली आले. केरू गुरवांनी देवाला गाऱ्हाणं घालताना मध्येच थांबून दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "किती वरसा रे अजून? देवाच्या म्होरं सांगा, तंटा तुटला का नाय ता?" ढोल थांबले. आणि अकरा वर्षांनी दोघांनी हातात हात दिला! ठरलं असं, की बांधावरचं झाड दोघांचं, आंबे अर्धे अर्धे, आणि काढणी दोन्ही घरांनी एकाच दिवशी एकत्र करायची. बायका रडल्या. मीही रडलो. मी दोन्ही ओट्यांवर बसून चहा पिणारा माणूस. एकाच्या घरचा चहा पिताना दुसऱ्याच्या घराकडे पाठ करून बसावं लागत असे, तो त्रास संपला.

चौदा एप्रिलला सकाळी काढणी ठरली. दोन्ही घरची सगळी माणसं झाडाखाली. मी माझा खरा कॅमेरा घेऊन हजर. हो, मला डब्याची आठवण होती! पण डबा होता वरच्या फांदीच्या टोकाला पानांआड, आणि आंबे काय खालून झेल्यानंच काढतात. लांब काठीला जाळी लावली की झालं. वर चढतंय कोण?

सुजय चढला. हरिश्चंद्रदादांचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, मुंबईहून खास रजा घेऊन आलेला. "वरच्या फांदीला लय लागलेत, बाबा," म्हणाला आणि सरसर वर गेला. पानं हलली. मग हलायची थांबली. मग सुजय जेवढ्या वेळात वर गेला होता त्याच्या निम्म्या वेळात खाली आला.

"बाबा... वर कायतरी बांदलान!"

"काय बांदलान?"

"काला डबा. लाल कपड्यात. आनि वर लिवलाय, येकवीस जूनपर्यंत हात लावू नये!"

खाली असलेली पंधरा-वीस माणसं एकदम मागे सरली. बायकांनी पोरं कडेवर घेतली. मोबाइलवर सुजयनं वरून काढलेला फोटो या हातातून त्या हातात फिरला. फोटो हललेला होता, त्यामुळे डबा मुळात होता त्यापेक्षा कितीतरी भयानक दिसत होता.

हरिश्चंद्रदादा काशीरामदादांकडे बघायला लागले. काशीरामदादा हरिश्चंद्रदादांकडे.

"शिमग्यात देवासमोर हात दिलास," हरिश्चंद्रदादा हळूच म्हणाले, "आनि वर ह्या बांदून ठेवलंस?"

"मी? मी बांदलंय? अरे, फांदी तुज्या बाजूची!"

"खोड तुज्या बाजूचा!"

"माज्या पोरांनी आंबा काढायला हात लावायचा नि त्यांना कायतरी व्हायचा, ह्यासाठी गोड बोललास व्हय रे?" काशीरामदादा उसळले.

अकरा वर्षं पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी दुप्पट जोरानं. मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगतो, खरं सांगायलाच उघडलं होतं! तेवढ्यात काशीरामदादा हातातला कोयता उंच धरून गरजले, "ज्यानी ह्या केलान त्याचे हात मी मनगटापासून उतरवीन!"

"आनि पाय मी!" हरिश्चंद्रदादा म्हणाले. इतक्या वर्षांत दोघांचं एवढं एकमत मी प्रथमच बघत होतो.

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण माझं तोंड अजून उघडंच होतं. "अरे बापरे!" मी म्हणालो आणि ते मिटलं.

तसाच घरी आलो. सानिकानं सगळं ऐकून घेतलं.

"जा आणि सांगून टाका."

"अगं, हात आणि पाय! वाटणीसुद्धा झालीय!"

"ते बोलण्यात असतं हो."

"त्यांच्यात अकरा वर्षं बोलणंच नव्हतं! आता जे बोलतायत ते मनापासून बोलतायत!"

संध्याकाळी हरिश्चंद्रदादा आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी फोटोवाले. त्या डब्याचा लांबून मोठा फोटो काढा. अक्षर वळखून काढतो. काशीच्या पोराचा हाय का नाय ता कळंल."

अक्षर! त्याच वाडीच्या शाळेतल्या फळ्यावर गेली दहा वर्षं स्वातंत्र्यदिनाचा सुविचार मी लिहितो. "काढतो की," मी म्हणालो. ते गेले आणि पाच मिनिटांत मागच्या दारानं काशीरामदादा आले. "मास्तर, तुमी फोटोवाले..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्याचं मोठं भिंग घेऊन गेलो आणि माझ्याच डब्याचे एकदा हरिश्चंद्रच्या बाजूनं आणि एकदा काशीरामच्या बाजूनं फोटो काढले. दोन्ही वेळा मुद्दाम हलवून काढले. वीस वर्षं हात स्थिर ठेवायची साधना केली होती, पण त्या दिवशी हलवायला कष्ट पडले नाहीत. फोटो बघून दोघंही वेगवेगळे पण एकच वाक्य बोलले, "डब्याचा फोटोसुद्दा येत नाय सरळ, बगा!"

मी हुसेनभाईंना फोन लावला. "हुसेनभाई, मेलो! लोकांना डबा म्हणजे कोणीतरी केलेली करणी वाटतेय! दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठलीत!"

पलीकडून हुसेनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला, "डबा हलला नाही ना?"

चार दिवस गेले. वाडीत दुसरा विषय नव्हता. एकवीस जूनला काय होणार? कोणी म्हणालं, झाड आपोआप वाळणार. कोणी म्हणालं, त्या दिवशी वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो, त्याला काहीतरी अर्थ असणार. पंचांग उघडलं गेलं. तारखेमागचं कारण सूर्य हेच होतं आणि ते फक्त मला माहीत होतं, पण पंचांग बघणाऱ्यांनी इतकी कारणं काढली की मलाच रात्री झोप लागेनाशी झाली! आंबे पिकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली तीन पडलेले दिसले, तिसऱ्या दिवशी नऊ. हरिश्चंद्रच्या बायकोनं काशीरामच्या सुनेला विहिरीवर बघून कळशी रिकामीच परत नेली. माझ्या डोळ्यांदेखत शिमग्यात जुळलेलं एक एक धागा करून उसवत होतं, आणि उसवणारा डबा माझा होता. मला जेवण जाईना.

आणि खरं सांगू? मीच घाबरायला लागलो होतो. डब्याला! बाइक सुरू होईना, तर मनात आलं, डबा. कॉलेजात हातातून चंबू पडून फुटला, डबा. मी केरू गुरवांच्या घरावरून जाताना चालीचा वेग वाढवायचो.

केरू गुरवांनी सांगितलं होतं, मंगळवारी देवाला विचारू, तोवर कोणी झाडाला हात लावायचा नाही. म्हणजे मंगळवारी देव माझं नाव सांगणार. मी विज्ञानाचा माणूस, माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण देवाचा माझ्यावर होता की काय कोण जाणे!

"सोमवारी दुपारी काढून आणतो," मी सानिकाला म्हणालो. "डबा नाही, तर प्रश्न नाही."

"आणि तुम्हाला कोणी बघितलं तर?"

"जेवून सगळे आडवे असतात."

हाच माझा हिशेब चुकला. डबा ज्यानं बांधला तो मंगळवारच्या आत काढून न्यायला येणारच, हे हरिश्चंद्रदादांच्या डोक्यात आलं होतं. आणि काशीरामदादांच्याही. त्यामुळे सोमवारी दुपारी बांधाच्या एका बाजूला करवंदीच्या जाळीत हरिश्चंद्रदादा आणि सुजय दबा धरून बसले होते, दुसऱ्या बाजूला काजूच्या झाडामागे काशीरामदादा. दोन्हीकडच्यांना पलीकडचे दिसत नव्हते. आणि मला कोणीच.

मी चप्पल काढली. झाडाला मनातल्या मनात नमस्कार केला. चढलो. फांदीवर पोटावर सरकत सरकत डब्यापर्यंत पोचलो आणि खणाच्या गाठीला हात घातला. गाठ घट्ट बसली होती. मी जोर लावला. त्या हिसक्यानं शेजारची पानं फाटली.

पानं नव्हती ती. लाल मुंग्यांचं घरटं होतं!

पुढचं मला नीट आठवत नाही. मानेवर, बगलेत, पायजम्यात, जिथे म्हणून माणसाला स्वतःलाही सहज हात पोचत नाही तिथे मुंग्या. मी ओरडलो. एका हातानं फांदी धरली होती, दुसऱ्या हाताच्या बोटांत खण अडकला होता, सगळं अंग झाडावर थडथड उडत होतं, आणि तोंडातून जे आवाज येत होते ते मी कधीही, कोणत्याही प्राण्याचे ऐकलेले नाहीत.

खाली दोन्ही बाजूंनी माणसं धावत आली.

"मास्तर!" हरिश्चंद्रदादा किंचाळले.

"मास्तर वर कशे गेले?" काशीरामदादा.

"गेले नायत रे काशी, ओढून न्हेलान त्यांना! बग, डबा हातातनं सुटत नाय त्यांच्या!"

खण फाटला. डबा सुटला, दोन फांद्यांवर आपटला आणि खाली दगडावर पडून त्याचं झाकण उडालं. हळदीचे तांदूळ सगळीकडे उधळले. हिंगाचा चार महिने कोंडलेला वास बाहेर आला. आणि वळी झालेला कागद सुटून तांदळांवर उलगडला. डब्याच्या मागोमाग मी उतरलो. उतरलो म्हणजे पडलो.

पण त्या पडण्यातही मी तो कागद बघितला! गुलाबी-जांभळट कागद, खाली समुद्राची सरळ रेषा, आणि तिच्यावर एकाखाली एक, एकाखाली एक तपकिरी कमानी. ढगाळ दिवसांच्या जागा सुटलेल्या. एकशे चौदा सूर्य आणि वर या चार-पाच दिवसांचे. मुंग्या चावत होत्या तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

"यंत्र!" सुजय मागे सरत म्हणाला. "बाबा, यंत्र काढलान त्याच्यावर!"

"माझा फोटो!" मी ओरडलो आणि कागदावर पालथा पडलो. उजेडात कागद खराब होतो, शास्त्र आहे! कागद छातीशी धरून, सदऱ्यात कोंबून, मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो. आणि आता मात्र लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मी बांधला!" मी म्हणालो. "मीच! हा कॅमेरा आहे! सूर्याचा फोटो काढत होतो! तुमच्यापैकी कोणी काही केलेलं नाही!"

सांगून टाकलं! आता हात जावोत, पाय जावोत. मी डोळे मिटून वाट बघितली.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर अर्धी वाडी गोळा झालेली, केरू गुरव समोर उकिडवे बसलेले, आणि दोन्ही भाऊ माझ्याकडे अपार दयेनं बघत होते.

"कॅमेरा म्हनतोय," हरिश्चंद्रदादा हलक्या आवाजात म्हणाले.

काशीरामदादांनी डबा काठीनं उलटा केला. "ह्याला काच नाय, बटान नाय. ह्याच्यात फोटो?"

"चार महिन्यांत एक फोटो निघतो!" मी समजावलं.

"चार म्हयन्यांत येक," काशीरामदादांनी मान हलवली. "शाना मानूस असा कशाला करंल? मास्तर नाय बोलत ह्यो. आतला बोलतोय."

केरू गुरव पुढे सरकले. मला न विचारता माझ्या कपाळाला अंगारा लावला. "कोन तू?"

"अनिल रेडीज!"

"कुठला?"

"चिपळूण!"

"खोटा बोलतो. तुला काय पायजे?"

"मला काही नको हो! हा कागद उन्हात काढू नका, एवढंच!"

"उन्हाला घाबारतो," केरू गुरव लोकांकडे वळून म्हणाले. सगळ्यांनी समजल्यासारखी मान डोलावली.

मी उठायला गेलो, तर हरिश्चंद्रदादांनी माझा उजवा हात धरला आणि काशीरामदादांनी डावा. "काशी, घट धर," "तू खांद्याला धर, हरी, खांद्याला," असं त्यांचं चाललं. काशीरामदादांनी आपल्या हातानं हरिश्चंद्रदादांच्या कपाळावरचा घाम पुसला, कारण त्यांचे दोन्ही हात माझ्यात गुंतले होते. आणि तेवढ्यात गर्दीतून सानिका आली.

"सानिका!" मी ओरडलो. "सांग यांना! तुझाच खण आहे ना तो? सांग, मी डबा कसा केला!"

सानिकानं फाटलेल्या खणाकडे बघितलं. तांदळांकडे बघितलं. माझे दोन हात दोन भावांनी धरले होते, त्या चार हातांकडे मात्र जरा जास्तच वेळ बघितलं. मग पदर सावरून म्हणाली, "काय सांगू, दादा? चार दिवस हे असंच बडबडतायत. जेवणसुद्धा नाही नीट."

मी गार पडलो. वीस वर्षांचा संसार!

त्यानंतर मला घरी नेऊन खोलीत बसवण्यात आलं. कागद केरू गुरवांनी माझ्या सदऱ्यातून चिमट्यानं काढून नेला. माझ्या गळ्यात काळा दोरा, दाराला लिंबू-मिरच्या, आणि नऊ दिवस कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद. कॉलेजात रजा कळवली, 'प्रकृती अस्वास्थ्य'. पहिल्या रात्री मला खरोखरच भीती वाटली, की सानिकाचं तरी खरं नसेल ना? मी विज्ञानाचा माणूस, पण पंधरा-वीस माणसं एका सुरात म्हणायला लागली की माणूस आपल्या अंगात आणखी कोणी आहे का ते चाचपून बघतोच!

"तू असं का केलंस?" मी सानिकाला विचारलं.

"तुम्ही बांधला म्हणून त्यांनी मानलं असतं, तर उद्या या वाडीत राहायचं कसं? आणि दोघांपैकी एकानं बांधला म्हणाले असते, तर ते दोघे कसे राहिले असते? भुतानं बांधला, तर भुताला काय, कुठेही राहता येतं." आणि मला मुंग्यांच्या चाव्यांवर चुना लावून दिला.

खिडकीतून मला झाड दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी काढणी झाली. दोन्ही घरांनी मिळून, झेला या हातातून त्या हातात देत. हरिश्चंद्रची बायको आणि काशीरामची सून एकाच सावलीत बसून पेंढ्यात आंबे लावत होत्या. हसण्याचे आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होते. फोटो काढण्यासारखं दृश्य होतं आणि माझा कॅमेरा कुलपात. पण मनातून बरं वाटलं. म्हटलं, अनिल, तू बदनाम झालास, पण दोन घरं सांधलीस. कोणाला कळणार नाही, तुला कळतंय ना, पुरे.

नवव्या दिवशी दोघे भाऊ एकत्र आले. हातात आंब्यांची पेटी. ओट्यावर शेजारी शेजारी बसले. सानिकानं चहा दिला. काशीरामदादांनी एक हापूस निवडून माझ्या हातात ठेवला.

"आता बरा वाटतंय ना मास्तर?"

"बरं आहे," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "तो कागद कुठे आहे हो?"

"दर्यात सोडलान केरूनं."



"लय चांगला फोटो व्हता," हरिश्चंद्रदादा म्हणाले. "त्या रेघा म्हंजे रोजचा सूर्य, नाय का? सुजयनं मोबाइलवर दाखवलान. परदेशात लोका पुलांना, खांबांना डबे बांदतात."

माझ्या हातातला आंबा तसाच राहिला. "दाखवलान? कधी दाखवलान?"

"त्याच सांजेला. तुमाला घरी आनून सोडला, मंग."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? दोघांनाही?"

"केरूलापन," काशीरामदादा म्हणाले.

"मग मला नऊ दिवस कोंडून का ठेवलंत? गळ्यात दोरा, दाराला लिंबू! माझा चार महिन्यांचा फोटो समुद्रात सोडलात! का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हरिश्चंद्रदादांनी कप खाली ठेवला.

"असा काय करता, मास्तर? झाडाखाली आमी येकमेकांना नको नको ता बोललो. मंग आता काय, आमी दोघांनी येकमेकांची माफी मागायची?"

मी आंबा सोलायला घेतला.